एकीपुरतं खोपटं

टॅमरॅक लेक
४ नोव्हेंबर

प्रिय साइमी,

बरी असशील. डुलुथला सरोवरावरून वारा फार येतो म्हणतात, कान झाकून फिरत जा. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तू इथे होतीस तेव्हाही कुरकुरतच होते. काल सकाळी तळ्याच्या कडेला पहिल्यांदा बर्फाचा पापुद्रा धरला होता, दुपारपर्यंत गेला. अक्षर मोठं आलंय त्याचं नवल करू नकोस. बारीक टोकाचं पेन संपलं, हे जाडं हाताशी होतं.

दोन वर्षांत मी तुला लिहिलं नाही आणि तू मला लिहिलं नाहीस. फोन केला की ग्वेन उचलते आणि म्हणते, "मावशी, आई झोपलीय." सकाळी दहालाही तू झोपलेलीच असतेस. तुझी लेक आहे ती, तुझं ऐकणारच. मी तिला दोष देत नाही. पण मलाही कंटाळा आला गं. म्हणून या खेपेला पत्र. पत्र काही कुणी झोपलंय म्हणून परत येत नाही.

बातमी म्हणशील तर मी खोपटं बांधायला घेतलंय. गोठलेल्या तळ्यावर बसून भाल्यानं मासे मारायचं. हसू नकोस. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं शहाणपणानं घरात बसून मोजे विणावेत हे मला कळतं, पण मोज्यांनी माझा जीव कधी रमला नाही हे तुलाही माहीत आहे. आपलं दोघींचं जुनं खोपटं आता ओढवत नाही. ट्रक लागतो त्याला. ते मी शेजारच्या सेल्मरला देऊन टाकलं. त्यात त्याच्या कोंबड्या राहतात. तुझ्या बाकावर एक तांबडी कोंबडी बसते आणि माझ्याकडे अशी बघते की मीच तिच्या घरी आगंतुक.

हे नवं एकीपुरतं आहे. चार फूट बाय साडेतीन. चारही भिंती बिजागरीवर घडी होतात, वर छपराची फळी, की सगळं मिळून एक जाडसर ओझं होतं. त्याखाली स्की ठोकल्यात. दोर खांद्यावर घ्यायचा आणि एका माणसानं ओढत न्यायचं, ट्रक नको की कुणाची मिनतवारी नको. स्की तुझ्या आर्नेच्या आहेत, माझ्या कोठारात पडून होत्या त्या. बिचारा असता तर म्हणाला असता, घ्या मेहुणीबाई, माझे पाय तरी तळ्यावर जातील.

बाबांचंही एकट्याचंच होतं, आठवतं ना? आपण दोघी बाहेर घसरगाडीवर पाठीला पाठ लावून बसायचो. आत काळोख, खाली बर्फात कापलेल्या खिडकीतून उजळलेलं हिरवं पाणी, आणि ते सगळं एकट्या बाबांना. मग भिंतीवर ठोकून आपण विचारायचो, "बाबा, काय दिसतंय?" ते म्हणायचे, "देवमासा." परत ठोकलं की, "पाद्रीबुवांची टोपी वाहून चाललीय." तू खरं मानायचीस. एकदा घरी येऊन आईला सांगितलंस की पाद्रीबुवा बुडाले.

सेल्मर रोज येतो. मदतीला म्हणून येतो, पण त्याची मदत म्हणजे कॉफी पिणे आणि चुका काढणे. बाकाची उंची बघून म्हणाला, "आऊने, पंधरा इंच? तुझे गुडघे कानाला लागतील. बगळ्यासारखी दिसशील."

मी म्हटलं, "कान थंड पडतात माझे. झाकले जातील."

"आणि भाल्याची कडी डावीकडे का? तू काय डावखुरी झालीस या वयात?"

"तू कॉफी पी."

त्याला उत्तरं देण्यात माझी अर्धी सकाळ जाते.

पाण्याच्या तळाशी पसरायला अंड्यांची टरफलं मात्र यंदा पुरणार नाहीत. दोघी होतो तेव्हा वर्षभरात दोन बादल्या सहज व्हायच्या. आता एक अंडं मी खाते, तेही रोज नाही, आणि आपल्या जुन्या खोपट्यात राहणाऱ्या त्या कोंबड्या थंडी पडताच संपावर गेल्यात. अर्धी बादली जमलीय. एवढ्यात तळाचा हातभर तुकडासुद्धा पांढरा होणार नाही, आणि तळ पांढरा नसला तर वरून गेलेला पाइक मासा दिसणार कसा? बघू.

शेवटी ते एक. मागच्याच्या मागच्या जानेवारीतलं. हिल्मा आत्या बुडाली ते. बाबांनी स्वतःच्या हातानं कोरलेला आमिषाचा लाकडी मासा होता, साठ वर्षांचा होता, त्याचं वाईट वाटायचं तेवढं वाटलं. त्या दिवशी मी तुला जे बोलले ते जरा जास्तच बोलले. दोराची गाठ काय, कुणाचीही सुटू शकते. मी मनात काही ठेवलेलं नाही. तूही ठेवू नकोस.

ग्वेनला आशीर्वाद.

तुझी थोरली बहीण,
आऊने


२३ नोव्हेंबर

प्रिय साइमी,

डबा मिळाला.

पोस्टातल्या बाईनं खोका हातात दिला तेव्हा हलवून पाहिला तर आत खुळखुळ. कॉफीचा तीन पौंडी डबा, गच्च भरलेला, टरफलं धुऊन, आतला पापुद्रा काढून, नखाएवढी चुरून. तू पूर्वी करायचीस अगदी तशीच. मी खोक्याच्या तळापर्यंत हात घातला, डबाही रिकामा करून पाहिला. चिठ्ठी नव्हती. मग वाटलं, एवढी टरफलं तीन आठवड्यांत होत नाहीत. तिथे शहरात, तिसऱ्या मजल्यावर राहून, भाला नाही, तळं नाही, तरी तू अंड्यांची टरफलं जमवत होतीस? किती दिवसांपासून? मी डबा स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलाय. जेवताना समोर असतो.

खोपट्याचं म्हणशील तर भिंती उभ्या राहिल्या. बाहेरून गडद हिरवा रंग, आतून काळा. एक फळी मी चुकीची कापली. टेप खराब आहे, आकडे पुसले गेलेत. सेल्मर म्हणाला, "टेपचं सोड, रेघ इथे आहे आणि करवत तिथे गेलीय, मध्ये अख्खं बोट बसेल." त्यानं दुसरी फळी स्वतः कापली, मला हात लावू दिला नाही. म्हातारा हट्टी होत चाललाय.

परवा काळोख तपासायचा होता, आत उजेड शिरला की खालचं पाणी दिसत नाही. भर दुपारी कोठाराबाहेर उन्हात खोपटं उभं केलं. मी आत शिरले, दार ओढलं, तुझ्यासारखी शंभरपर्यंत मोजत बसले. कुठे टाचणीएवढाही उजेड नाही. बाहेर येऊन सेल्मरला म्हटलं, "बघ. मिट्ट. असं काम तुझ्या खानदानात कुणी केलं नसेल."

तो आत गेला. दार लागलं, आणि आतून हसण्याचा आवाज.

"अगं आऊने, ही चाळणी आहे! मी इथे बसून पेपर वाचू शकतो."

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

"अकरा मोजली. बिजागरीपाशी तर अंगठा जाईल एवढी फट आहे."

तो बाहेर आला तेव्हा हसत नव्हता. म्हणाला, "तू खरंच आत बसली होतीस?"

"बसले होते की."

"डोळे उघडे ठेवून?"

मी म्हटलं, बाहेरच्या उन्हानं दिपले असतील. त्यावर तो काही बोलला नाही. डांबराचा डबा आणि जुना ब्रश घेऊन परत आत गेला आणि एकेक भोक बुजवत बसला. मी बाहेर झाकण धरून उभी होते. सेल्मर गप्प बसला की मला भीती वाटते. चाळीस वर्षांत तो दोनदाच गप्प बसलाय, एकदा त्याची बायको गेली तेव्हा आणि एकदा आर्ने गेला तेव्हा.

जाताना एवढंच म्हणाला, "नाव घालायला विसरू नकोस बाहेर. नाव, पत्ता, दोन इंची अक्षरं. मासेमारीवरचा नवा वॉर्डन कडक आहे, खोपट्यावर नाव नसलं तर ऐकून घेत नाही." मी म्हटलं, नाव सगळ्यात शेवटी.

काल भाला शोधायला कोठाराच्या माळ्यावर चढले. सातही दाते गंजलेत, घासायला लागतील. भाल्याजवळ दोराची काठी सापडली, आमिष खेळवायची. दोर त्या दिवशी तूच गुंडाळला होतास. आठाच्या आकड्यात, तुझ्या पद्धतीनं. मी तो तेव्हापासून उलगडला नव्हता. काल उलगडला.

कॉफी उतू चाललीय, उठते. थकवा फार येतो हल्ली, दोन ओळी लिहिल्या तरी. गेल्या पत्रात शेवटी जे लिहिलं ते वाचून तुला काय वाटलं असेल कोण जाणे. ते पत्र जवळ असेल तर फाडून टाक.

तुझी,
आऊने


११ डिसेंबर

प्रिय साइमी,

तळं धरलं. सेल्मरनं आज सकाळी कुऱ्हाडीनं पाहिलं, आपल्या खाडीत पाच इंच बर्फ आहे, स्वच्छ, काळा, वर हिमाचा भुगासुद्धा नाही. असा बर्फ दहा वर्षांतून एकदा मिळतो. आणि मी टेबलाशी बसून तुला पत्र लिहितेय, दुसऱ्यांदा, कारण पहिलं चुलीत टाकलं. त्यात परत इकडचं तिकडचंच आलं होतं. या खेपेला सरळ सांगते.

माझे डोळे गेले, साइमी. पूर्ण नाही. मधलं दिसायचं गेलं. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जातं, आजूबाजूचं सगळं राहतं. तुझा फोटो भिंतीवर आहे त्यात तुझी टोपी दिसते, खांदे दिसतात, मागचं कुंपण दिसतं. तोंड बघायचं असेल तर मला कुंपणाकडे बघावं लागतं. सेल्मरनं मला न विचारता डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर मुलगी चांगली होती. पडद्याचा मधला भाग झिजलाय म्हणाली, परत येत नाही म्हणाली, आणि गाडी चालवायची नाही म्हणाली. परत येताना सेल्मर माझा ट्रक चालवत होता आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली मी, एकही पोर खरचटलं नाही. आणि आता मला माझ्याच ट्रकमध्ये दुसऱ्या बाजूला बसवून आणलं.

पण मला ते डॉक्टरनं सांगितल्यावर कळलं असं नाही. मला तीन हिवाळ्यांपूर्वीच कळलं होतं, खोपट्यात तुझ्या शेजारी बसून. तू म्हणायचीस, "तो बघ, डावीकडून येतोय," आणि मी "दिसला, दिसला" म्हणायचे. मग म्हणायचे, खांदा दुखतोय, तूच मार. त्या हिवाळ्यात तू नऊ पाइक मारलेस आणि मी एकही नाही, आणि तू गावभर सांगत होतीस की आऊनेचा खांदा धरलाय. तुला संशयसुद्धा आला नाही. तुला वाटायचं आऊनेला दिसत नाही असं काही जगात नाहीच.

आता जानेवारीतला तो शनिवार.

तू कॉफी आणि वेलदोड्याचा पाव आणायला ट्रककडे गेलीस. काठी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "हिल्मा आत्याला जरा फिरवत ठेव." मी फिरवत होते. मग मला खाली काहीतरी काळं सरकताना दिसलं, कडेनं, जसं मला दिसतं तसं. मी तिकडे नजर वळवली तर ते पुसलं गेलं. परत बाजूला बघितलं, परत आलं. चांगलं हातभर लांब वाटलं. मनात आलं, साइमी परत येईल तेव्हा हा वर बर्फावर पडलेला असेल आणि ती म्हणेल, खांदा बरा झाला वाटतं. मी काठी पायाखाली दाबली, भाला उचलला, दाते पाण्यात हळूच सोडले, बाबांनी शिकवलं तसं अजिबात आवाज न करता, आणि सोडला.

दोर ओढून भाला वर घेतला. दात्यावर हिल्मा आत्या होती.

बाबांनी त्यांच्या बहिणीचं नाव त्या माशाला दिलं कारण त्याचं तोंड तिच्यासारखं फुगलेलं होतं. आईच्या लाल नखपॉलिशचे डोळे. पाठीतून एक दाता आरपार गेला होता, दुसऱ्यानं पत्र्याचा पर वाकवला होता. मी माझ्या बापाच्या माशाला पाइक समजून भाला मारला. आपल्या तळ्यावर पोरंटोरंसुद्धा ही चूक करत नाहीत. केली तर जन्मभर त्यांना त्यावरून हाक मारतात.

आणि तेवढ्यात बर्फावर तुझे बूट करकरले.

मी काय केलं ते लिहिते. मी खिशातून सुरी काढली आणि आत्याच्या पाठीवरच्या कडीजवळ दोर कापला. कापलेलं टोक पाण्यात सोडलं. मासा दात्यावरून उपसला आणि कोटात घातला, स्वेटरच्या आत. तू दार उघडलंस, तुझ्या हातात थर्मास होता, नाक लाल झालेलं, आणि मी म्हटलं, "तुझी गाठ सुटली. बुडाली ती."

मला वाटलं होतं तू भांडशील. तू थर्मास खाली ठेवलास आणि बर्फावर आडवी झालीस. बाही खांद्यापर्यंत पाण्यात घालून, आकड्यानं तळ उकरत राहिलीस. तासभर. म्हणत होतीस, "मी दोनदा ओढून बघितली होती गं आऊने, मी नेहमी दोनदा ओढून बघते." आणि मी तुझ्या डोक्याशी बाकावर बसले होते, पोटाशी तो ओला मासा घेऊन, आणि म्हणत होते, तीस वर्षं तुला एक गाठ धरता आली नाही, बाबांची एवढी एकच वस्तू होती. त्याचा वाकलेला पर मला टोचत होता. तुला नंतर आठ दिवस ताप होता. मी तुला सूप आणून दिलं. तू मला म्हणालीस, "माफ कर," आणि मी म्हणाले, "जाऊ दे." मी जाऊ दे म्हणाले, साइमी!

वसंतात तू डुलुथला गेलीस तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की गाठीचं तिनं मनाला लावून घेतलं. मीही तेच धरून चालले. दोन वर्षं तुझी कीव करत होते, स्वतःचीही थोडी.

मग त्या दिवशी माळ्यावर तो दोर उलगडला. डोळ्यांनी मला टोक दिसलं नाही. बोटांत धरलं. सुटलेल्या गाठीचा दोर वेडावाकडा राहतो, त्याला वळ्या पडलेल्या असतात. हे टोक सरळ होतं, तिरकं, सुरीनं कापलेलं. आंधळ्या बोटांनाही कळावं असं. आणि दोर तू गुंडाळला होतास. टोकापासून सुरुवात करून, तुझ्या पद्धतीनं. ते टोक आधी तुझ्याच बोटांत आलं असणार.

म्हणजे तुला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तापातही कळलेलंच होतं. "माफ कर" म्हणालीस तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस, मला आठवतं, बराच वेळ बघत होतीस. मी काही बोलेन म्हणून थांबली होतीस का? मी "जाऊ दे" म्हणाले आणि सूप ढवळत बसले. मग तू मार्चभर थांबलीस, एप्रिलभर थांबलीस आणि गेलीस. गाठीच्या दुःखानं नाही गेलीस. मी तुझ्याशी खोटं बोलले आणि ते खोटं रोज तुला वाढत राहिले, म्हणून गेलीस. आणि त्याच तुला मी मागच्या महिन्यात लिहिलं की मी मनात काही ठेवलेलं नाही. ते वाचूनही तू टरफलं पाठवलीस.

मी तेव्हाच का बोलले नाही ते विचारशील. डोळ्यांची लाज वाटली. एकदा आत्याचं सांगितलं असतं तर डोळ्यांचं सांगावं लागलं असतं, आणि मग तू भाला माझ्या हातून काढून घेतला असतास, प्रेमानं घेतला असतास, तेच मला नको होतं. आता भाला तसाही गेला. लपवायला काही उरलं नाही आणि लपवायची ताकदही उरली नाही. मी थकले गं. दोन वर्षं कपाटात चादरींखाली एक लाकडी मासा दडवून ठेवायचा, आणि त्याच कपाटातून रोज टॉवेल काढायचा, यानं माणूस फार थकतो.

हिल्मा आत्या शाबूत आहे. भोक मी मेणानं बुजवलं, पर सेल्मरनं सरळ केला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू तिला नुसतं सांगितलं असतंस तर ती आठवडाभर हसली असती, आणि मग आम्ही सगळे दहा वर्षं हसलो असतो. बस्स." मलाही आता तसंच वाटतं. आत्याच्या पाठीवरच्या कडीत तुझी गाठ अजून तशीच आहे, बोटभर दोरासकट. मी ती सोडलेली नाही. दोन्ही हातांनी ओढून पाहिली, हलत नाही. नवा दोर तिलाच जोडला आणि आत्याला खोपट्यात टांगून ठेवली.

खोपटं पूर्ण झालं. काल बाहेरचं नाव घातलं. पुठ्ठ्यात अक्षरं कापून, कडेनं बघत बघत, पांढऱ्या रंगात. दोन तास लागले. सेल्मर मागून आला आणि मोठ्यानं वाचायला लागला, शाळेतल्या मुलासारखा एकेक अक्षर. "साइमी लुंडक्विस्ट," वाचलं आणि थांबला. मग म्हणाला, "तरीच म्हटलं बाक एवढा बुटका का."

बाक तुझ्या पायांच्या मापाचा आहे. कडी तुझ्या डाव्या हाताशी. दारही डावीकडे उघडतं, आतून उघडतं तसं बाहेरूनही. ओझं मी स्वतः अंगणभर ओढून पाहिलं, तुला जड जाणार नाही. भाल्याचे सातही दाते घासून ठेवलेत. टरफलांची बादली भरली, तुझा डबा त्यात ओतला. आता भोकं राहिली नाहीत, सेल्मर तीनदा आत बसून आला.

नियमानं पत्ताही लागतो. नाव तुझं आहे, पत्ता मी या घराचा घातला. वॉर्डनला ते खोटं वाटलं तर मी काय सांगायचं ते मला माहीत नाही. तुझी खोली मी आवरली आहे. तू नाही आलीस तर मी समजेन, आणि रागावणार नाही, रागवायला मला तोंडच नाही. खोपटं तेव्हाही तुझंच. सेल्मर ते डुलुथला आणून देईल.

पण आलीस तर एवढंच मागते. आत एकीचीच जागा आहे, मी मुद्दामच तशी ठेवली, मला आत बसायचं नाही. मी बाहेर बादली पालथी घालून, भिंतीला पाठ लावून बसेन, आणि मधूनमधून ठोकेन. तू आतून सांग काय दिसतंय ते. देवमासा म्हणालीस तरी मी खरं मानेन.

तुझ्याशी खोटं बोललेली,
तुझी बहीण,
आऊने